बटाटे नकोत

वेल्सचं हे खोरं. इथून कोळसा जगभर गेला.
चॅपेलमागच्या हॉलाशी दर गुरुवारी
दीडलाच रांग लागते, दार उघडतं दोनला.
ग्लेनिस चिठ्ठ्या बघते, मी पिशव्या भरतो:
बीन्स, पास्ता, लांब टिकणारं दूध,
कुणीतरी दिलेली अंजिराची चटणी,
जी कुणीच नेत नाही.

गेथिन आला रात्रपाळीनंतर झोपून न झोपून,
गळ्यात अजून इस्पितळाचं ओळखपत्र.
पिशवी टेबलावर ठेवली
आणि एकेक करून बटाटे परत काढले.
"उकडायला वीस मिनिटं लागतात," म्हणाला,
"मीटरमध्ये तेवढे पैसे नाहीत."

मी काय बोलणार.
नूडल्स दिल्या, नुसतं गरम पाणी ओतायच्या.
त्यानं झाकण वाचलं. तीन मिनिटं.
भाव पटल्यासारखी मान हलवली.

जाता जाता ग्लेनिसला विचारलं,
आईचा गुडघा कसा आहे आता?
त्यानंच ढकलत नेली होती तिची खुर्ची
एक्स-रेपर्यंत.

पाचला आम्ही खुर्च्या रचल्या.
बटाटे तसेच टेबलावर,
एकाला तर मोड आलेला.
ग्लेनिस म्हणाली, तू घेऊन जा.

घेतले.
घरी आल्यावर, कोट न काढता,
आधी मीटर बघितला.