गळती

ऑक्टोबरात एवाल्ड्सनं इंजिन घरात आणलं,
तान्हं मूल आणावं तसं, माझ्याच शालीत गुंडाळून.
"शेडमध्ये गोठतंय," म्हणाला.
तो की इंजिन, ते सांगितलं नाही.

तेव्हापासून स्वयंपाकघरात जावाचं इंजिन,
पुढच्या खोलीत भलत्याच गाडीची चौकट,
आणि फोर्क न्हाणीघरात, डिझेलमध्ये भिजत.
आंघोळीला मी बहिणीकडे जाते, ट्रामनं, शेवटच्या स्टॉपपर्यंत.
लिएपायात आता ट्रामवाल्यांनाही ठाऊक आहे,
बुधवारी मांडीवर टॉवेल घेऊन बसलेली बाई
कोणाची बायको ते.

सायलेन्सरच्या नळीला बाक हवा होता.
पोकळ नळी नुसती वाकवली तर चेपते.
आत वाळू ठासायची, दोन्ही तोंडं बुजवायची, मग जाळ.
वाळू समुद्रावर हवी तेवढी, पण ओली,
आणि ओल राहिली तर वाफ धरून नळी फुटते.
म्हणून पावाच्या ट्रेमध्ये
मी बाल्टिकचा किनारा भाजला,
दोन तास, मंद आचेवर, मधूनमधून हलवत,
रवा भाजावा तसा.
अजून एखाद्या घासाला दाताखाली कचकन येतं.
आम्ही एकमेकांकडे बघत नाही.

टाकी त्यानं स्वतः केली. पत्रा ठोकून, तीन आठवडे.
देखणी झाली. पुढे फुगीर, मागे निमुळती.
पाणी भरलं.
टप्.
पुन्हा डाग दिला.
टप्.
जानेवारीभर घोडं तिथंच पेंड खात होतं.
रात्री उठून तो तिच्यापाशी बसायचा,
आजारी जनावरापाशी बसतात तसा.

एकतीस वर्षं मी मासळीच्या कारखान्यात होते,
स्प्रॅटच्या डब्यांच्या शिवणीवर.
डोळ्यांत तेल, कोपरापर्यंत तेल,
मिनिटाला सत्तर डबे समोरून जायचे
आणि त्यातला कुठला श्वास सोडतोय
ते हात न लावता कळायचं.
कारखाना बंद झाला तेव्हा यंत्रं लिलावात गेली.
हे कळणं कोणी मागितलं नाही,
मग मी ते घरी घेऊन आले.

फेब्रुवारीत एका पहाटे, तो घोरत असताना,
टाकीची तोंडं बुजवली, सायकलच्या पंपानं हवा भरली,
साबणाचा फेस बोटानं शिवणीवरून फिरवत नेला.
तो शोधत होता मागे, थेंब पडायचा तिथं.
पण थेंबावर विश्वास ठेवू नये.
सुटतो एकीकडून आणि दिसतो भलतीकडे.
पुढच्या टोकाला, चौकटीवर बसणाऱ्या खाचेत,
मोहरीएवढा एक बुडबुडा आला.
थांबले. दुसरा आला.
खडूनं गोल काढला
आणि चहाचं पाणी ठेवलं.

त्यानं गोल पाहिला. किती तरी वेळ पाहिला.
मग सोल्डरची कांडी माझ्या हातात दिली
आणि स्वतः दिवा धरून उभा राहिला.

मार्चमध्ये अंगणात.
कुंपणाशी अजून मळकं बर्फ.
जावाचं असं, की किक आणि गिअरला एकच दांडा;
एवाल्ड्स सतराव्यांदा त्याच्यावर उभा राहिला
आणि निळा धूर, आणि असा आवाज
की वरच्या मजल्यावरून हेर्मिने ओरडली,
"पुन्हा रणगाडे आले का?"

टाकी कोरडी. मी बोट फिरवून पाहिलं.
बाकी सगळं गळत होतं.
गिअरबॉक्सखाली बर्फावर काळा ठिपका, मग दुसरा.
"एवढं चालतं," एवाल्ड्स म्हणाला,
पहिल्यांदाच माझी नजर चुकवत.

मी आत गेले. फडताळात शेवटच्या पाळीचा एक डबा होता,
आठ वर्षं न उघडलेला.
उघडला. मासे सोनेरी, जसेच्या तसे.
पावावर घालून, गाडीला टेकून,
उभ्या उभ्याच खाल्ले आम्ही.

रिकामा डबा मी इंजिनाखाली सरकवला.
टप्.