‘आपण’ चार वेळा

नववी ब. खिडकीखाली बोल्लींचे आठ माग,
त्यामुळे मी वर्गात नेहमीच थोडी ओरडून बोलते.
आज ओरडायचं नव्हतं.
धोंडाबाईंचं भाषण वाचायचं होतं,
गिरणीच्या फाटकाशी उलट्या पाटीवर उभं राहून केलेलं,
कुणीतरी पेन्सिलीनं उतरवून घेतलेलं,
झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये निम्म्या मात्रा गळालेलं.

“धागा तुटला की धोट्यातनं तोंडानं ओढावा लागतो.
म्हणून माग-खात्यात आमचं तोंड चालत नाही.
हात चालतात. पाय चालतात. पाठ चालते.
रात्रपाळी चालते.
एवढं सगळं चालतं, बाबांनो,
म्हणून तर गिरणी चालते.”

फळ्यावर लिहिलं: ‘चालणे’ किती वेळा? का?
प्रबुद्ध तळभंडारे बोटं मोडत म्हणाला, सात.
पण पहिलंच ‘नाही’वालं हाय, मिस.
बाकीची सहा त्याला जाब विचारायला आल्यात.
मी हे फळ्यावर लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

मग शेवटचा परिच्छेद.
“थंडीत जी चादर तुम्ही गळ्यापर्यंत ओढता,
तिचं सूत आम्ही गुंडाळलंय.
आता सांगा, तिच्याखाली आपण किती जण झोपतो?”

तुम्ही, आम्ही, आपण.
तिघांखाली रेघा मारा, म्हटलं. ती कुठे वळली ते बघा.
श्रावणी गाजुल उभी राहिली. घरी विड्या वळते,
बोटांना तंबाखूचा पिवळेपणा, हात पाठीमागे.
आमच्यात पण दोन हायत, मिस. मेमु म्हणजे तुम्हाला सोडून.
मनमु म्हणजे तुम्हाला धरून.
शेवटच्या बाकावरून बसवराज:
आमच्या कन्नडात एकच बे, नावु.
मग कसं कळतंय आत कोण हाय ते?
तोंडाकडं बघून.

वर्ग हसला. मी पण.
मग रुखसारनं विचारलं,
ती खरं बोलत होती, का नुसतं पटवत होती?
माग खटखटत राहिले.
मी म्हणाले, पटवणं म्हणजे खोटं नव्हे.
पण हे उत्तर मलाच अर्धं वाटलं,
आणि तिला तर चेहऱ्यावरून पावच.

तेवढ्यात गल्लीत प्रचाराची रिक्षा शिरली.
कर्ण्यातून: बंधू-भगिनींनो, आपण सगळे एक,
आपण सोलापूरकर, आपल्या या शहराचा विकास…
कुणी काही सांगितलं नव्हतं.
पस्तीस डोकी खिडकीकडे वळली
आणि पेनांची टोपणं निघाली.

रिक्षा साखर पेठेकडे गेली.
आज नळाचा पाचवा दिवस, मधल्या सुट्टीत
निम्मी पोरं घागरीसाठी घरी पळणार होती.
रुखसारच्या वहीत, समासाबाहेर, एवढंच:

आपण – ४ वेळा.
पाणी – ० वेळा.
तोंड दिसलं नाही.