थंड बाजू वर

उद्यमबागेत मोटारी वाइंड करते मी, अठरा वर्षं.
तांब्याची तार माझी बोटं ओळखते,
खरं ही चकती निराळी:
पांढरी, बिस्किटाएवढी,
एक तांबडी वायर, एक काळी.
करंट दिला की एक गाल गार, दुसरा तापलेला.
वायरी बदलल्या की गालही बदलतात.

'ह्याचं काय करूलीस?' मोनाप्पानं विचारलं.
'ढग,' म्हटलं.
मिलिंगवर सदतीस वर्षं काढलेला माणूस,
ढग म्हटल्यावर हसला नाही.
'किती एमएम?' एवढंच.

तो ॲल्युमिनियमची प्लेट घासून घेऊन आला,
नखानं चाचपली तरी चरा लागेना.
तिला शाळेच्या फळ्याचा काळा रंग दिला.
माशांची काचपेटी मिळाली बंद पडलेल्या दुकानातली,
मासे कधीच गेलेले, तळाशी निळे खडे.
सर्किट पुसायचं स्पिरिट,
आणि झाकणाच्या आत चिकटवायला
इस्त्रीच्या टेबलावरचं जुनं फेल्ट.

घरी विचारलं, ह्यात पैसे मिळतात काय.
मिळत नाहीत.

पहिल्या रात्री वायर उलटी लागली.
प्लेट तव्यासारखी, शेडभर स्पिरिटचा वास,
मोनाप्पा शिंकत बाहेर.
दुसऱ्या रात्री थंड बाजू वर होती
खरं खालच्या गरमीला जायला वाट नव्हती,
ती फिरून वर आली,
चकती मेली. तीनशे वीस रुपये.

तेव्हा कळलं, थंडी कुणी बनवत नाही.
उष्णता नुसती उचलून पलीकडं ठेवायची,
आणि पलीकडंही कुणीतरी
ती घ्यायला उभं पाहिजे.

मग दोन चकत्या, एकीवर एक,
मध्ये पांढरी पेस्ट, केसाएवढी.
खाली पाण्याची नळी, लहान पंप,
बादलीत मासळीबाजारातला बर्फ,
मोनाप्पाच्या सायकलवरून टपटपत आलेला.
जुन्या कॉम्प्युटरचा सप्लाय घरघरू लागला.
शून्य. उणे अकरा. उणे एकोणीस.
उणे अठ्ठावीसवर आकडा बसला.

दिवे घालवले. बाजूनं बॅटरी धरली.
वीस मिनिटं काही नाही.
शेजारची इरव्वा चहा घेऊन आली,
पेटीत वाकून बघितलं, म्हणाली, 'मंजु.'
तिचा नातू मागून, 'कुठली मंजु?'
'धुकं रे,' मी म्हटलं, 'आमच्यात धुकं म्हणतात.'
'मग ह्याची पाटी करायची तर कुठल्या भाषेत?'
मोनाप्पा म्हणाला.
सगळे हसले, जरा जपून.

आणि तेवढ्यात पहिली रेघ.

रिळावरून सुटलेल्या तारेसारखी,
पांढरी, बारीक, क्षणात विरलेली.
मग दुसरी, आडवी.
मग एक जाड, आखूड, शेडच्या हवेतलीच कुठली तरी.
लांब होत्या त्या वरून येत होत्या,
पत्र्यातून, मोनाप्पाच्या टोपीतून,
पेटीतून, फरशीतून खाली,
विचारत नव्हत्या काही.
'रोज येतात काय?' इरव्वा.
'रोज. आत्ताही, तुझ्या हातातून.'
तिनं कप खाली ठेवला
आणि हात उलटासुलटा करून बघितला.

दहाला वीस कमी असताना करंट गेला.
पंखा थांबत थांबत थांबला.
धुकं तळाला बसलं, रेघा पुसल्या,
खालची गरमी मागच्या दारानं वर निघाली.
मी वायरी सोडवल्या,
सवयीनं मल्टीमीटर लावला.

एक पूर्णांक तीन व्होल्ट.

सप्लाय बंद. कुणी काही देत नव्हतं.
एका अंगाला गार, एका अंगाला गरम,
तेवढ्या फरकावर चकती अजून
स्वतःचं थोडंसं काढत होती.
एक पूर्णांक एक. शून्य पूर्णांक नऊ.

'काढू काय?' मी विचारलं.
'थांब की,' मोनाप्पा म्हणाला,
त्यानं बॅटरी आकड्यावर धरली.
चहा गार होत गेला.
शून्य पूर्णांक चार.
नातवानं विचारलं, संपलं काय?
कुणी बोललं नाही,
तिघंही वाकलेलो.