हातासरशी

मला हवी होती एक फळी.
दोन हात लांब, वीतभर रुंद.
हिंगाची डबी, आमसुलं, गोडा मसाला,
मिसळणाच्या डब्याला बूड टेकायला जागा.
एवढंच.

हडर्सफील्डच्या चढावर, रांगेतलं
काळवंडल्या दगडाचं घर आमचं,
दोन्ही शेजाऱ्यांना खेटून उभं,
एकटं उभं राहता येईल याची खात्री नसल्यासारखं.

कीथ आला शनिवारी,
कानामागे पेन्सिल, चहात तीन चमचे साखर.
भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केली
आणि डॉक्टर गप्प होतात तसा गप्प झाला.

भोक पाडलं बोटाएवढं,
गिलावा पडला परातीएवढा.
गिलाव्यामागे ओल,
ओलीमागे शिशाचा पाइप,
पाइपाशेजारी कापडात गुंडाळलेली वायर,
हात लागताच तिचा भुगा.
मकरंद म्हणाला, उघडलंच आहे,
तर हातासरशी वायरिंगही करून घेऊ.

हातासरशी.
या एका शब्दात आमची सायप्रसची सहल गेली,
मग गाडी बदलायचे पैसे,
मग ज्यांना आम्ही कधी हात लावणार नव्हतो ते.

हातासरशी फरशी उखडली.
खालच्या तुळया निघाल्या
चहात बुडवलेल्या खारीसारख्या.
हातासरशी सिंक सरकलं, दार सरकलं,
आणि तेव्हा कीथनं वर पाहिलं:
पूर्वी कोणीतरी खालचं धुराडं काढून टाकलं होतं,
वरचं तसंच.
दीड टन दगड, आमच्या पलंगाच्या उशाशी,
निव्वळ सवयीनं उभे.

कौन्सिलचा माणूस आला, बुटांवर निळ्या पिशव्या चढवून.
मान वर करून म्हणाला, "इंटरेस्टिंग."
बावीस वर्षं या देशात काढल्यावर कळतं
या शब्दाला किती हजार पौंड पडतात.

लोखंडी तुळई आणली सहाजणांनी,
खांदा देतात तशी.
समोरच्या डोरीननं पडदा बाजूला केला.
मी नकळत हात जोडले.

जून ते नोव्हेंबर
भांडी बाथटबात, ओणव्यानं घासायची,
फोडणी जिन्याच्या वरच्या पायरीवर, कॅम्पिंगच्या शेगडीवर.
मोहरी तडतडली की धुराची घंटा बोंबलायची
आणि मकरंद टॉवेल फडकवत धावायचा,
शरण आलेल्या सैन्यासारखा.
आमटीत धूळ. उशीत धूळ.
गणपतीच्या सोंडेवर धूळ.

सांगलीहून वन्संचा फोन:
"म्हणतातच ना गं, घर पाहावं बांधून…"
"बांधत नाहीये, वन्सं. फळी लावतेय."

मग एका गुरुवारी
सात थर वॉलपेपर खरवडल्यावर
उघड्या भिंतीवर पेन्सिलीची अक्षरं निघाली.
एक कपाट, बारा शिलिंग.
खोडलेलं.
त्याखाली, एक पौंड चार शिलिंग.
तेही खोडलेलं.
त्याखाली, चार पौंड, आणि जिना.
आणि अगदी तळाशी, वेगळ्या हातानं,
पेन्सिलीचं टोक मोडेल इतक्या जोरानं:
*पुरे, वॉल्टर.*

मी बराच वेळ उभी होते तिथं.
कोण होती, माहीत नाही.
तिचीही भांडी कुठे पडली असतील, कोण जाणे.
मागे मकरंद कीथला विचारत होता,
बाथरूमच्या टाइल्स हातासरशी किती पडतील.

कीथच्या कानामागची पेन्सिल मी मागून घेतली.
तिच्या ओळीखाली, तेवढ्याच जोरानं,
माझ्या लिपीत लिहिलं.
मंगळवारी गिलावा चढला त्यावर.

आता स्वयंपाकघर झालंय,
बघायला लोक येतात.
डोरीन भिंतीवरून हात फिरवून म्हणाली, लोण्यासारखी आहे.

फळी जिन्याखाली आहे, कागदात गुंडाळलेली.
मसाल्याचे डबे खिडकीत, आधी होते तिथेच.
इतक्या सुरेख भिंतीला भोक पाडायचा
अजून कोणाला धीर होत नाही.