तुरे

पहाटे पाचला चर्चमागच्या पटांगणात
पिवळी बस चालू करून मी थांबतो.
मे महिन्यापर्यंत मी यांचा बीजगणिताचा मास्तर,
जुलैत मुकादम.
नेब्रास्कात आमच्या भागात तीन आठवड्यांचा हा हंगाम:
बियाण्याच्या मक्याचे तुरे खुडायचे.
चार ओळी मादीच्या, एक नराची,
मादीच्या डोक्यावर तुरा राहता कामा नये. बस, एवढंच.
यंत्र आधी फिरून जातं.
त्याच्या हातून सुटलेलं माणसाच्या पोराने वेचायचं.
लोक म्हणतात शिरपेचात तुरा,
इथे तो उपटून टाकायचे पैसे मिळतात, तासावर.

एकेक येतात. डोळ्यांत झोप, हातात रात्रीचा पिझ्झा.
कोवारिकांचे जुळे, आत्तापासूनच भांडत.
इश्चेल, जिचा बाप मांसाच्या कारखान्यातल्या रात्रपाळीवरून
थेट इकडे येऊन तिला सोडतो,
काच खाली करून मला काहीतरी विचारतो,
आणि ती घाईघाईने म्हणते, "काही नाही सर,
पाणी पीत जा म्हणतात."
शेवटी टोबायस व्राना,
ज्याला मी मे महिन्यात नापास केलं.
तो माझ्याकडे न बघता मागे जाऊन बसतो.

दव इतकं, की पोरं कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांना भोकं पाडून
अंगरख्यासारख्या घालतात.
आठपर्यंत कुडकुडतात, अकराला भाजून निघतात.
मक्याचं पान दिसायला नुसतं पान;
गालावरून गेलं की कळतं, धार आहे.
पहिल्या दिवशी सहा जण घरी गेले ते गेलेच.
मी त्यांना नावं ठेवत नाही. पंधराव्या वर्षी
मीही दुसऱ्याच दिवशी तापाचं सोंग केलं होतं.

शाळेत साठ मार्कांना पास.
इथे हजार ताटांत तीन तुरे राहिले तर माफ,
चौथा दिसला की अख्खं शेत नापास.
तपासणीची बाई टोबायसच्या ओळीतून दोनदा गेली,
बुधवारी, मग गुरुवारी मुद्दाम,
आणि वहीत काहीच न लिहिता बाहेर आली.

जेवणाच्या सुट्टीत बसच्या धुळकट काचेवर
तो बोटाने काहीतरी मांडत होता.
ओळीची लांबी, मिनिटं, तासाचा दर, कर वजा जाता उरणारे,
आणि मधोमध क्ष.
"सर, अजून किती ओळी केल्या की
ट्रकचा गिअरबॉक्स येईल?"
परीक्षेच्या पेपरात याच पोराने लिहिलं होतं,
'कुणाला हवाय हा क्ष?'
मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
एका ठिकाणी हातचा चुकला होता. समीकरण बरोबर होतं.
त्याला काय सांगावं ते मला सुचेना.
मी म्हटलं, हातचा बघ.

शेवटच्या दिवशी चेक वाटले.
इश्चेलचा बाप या वेळी गाडीतून उतरला,
टोपी काढून, तेच पुन्हा विचारलं.
ती बराच वेळ बुटांकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "ते विचारतात, मोठ्या माणसांना घेता का?"
तिच्या बापाच्या उजव्या हाताची दोन बोटं
मुठीत मिटत नव्हती.
घेत नाही, असं मी म्हणालो नाही.
कंपनीला विचारतो, म्हणालो.
विचारलं. घेत नाहीत.

ऑगस्टच्या अखेरीस टोबायस वर्गात आला, हातात
धान्याच्या कोठाराचा नोकरीचा फॉर्म,
शाळा सुटल्यावर चार तास, शनिवारी पूर्ण दिवस.
गालावरचे ओरखडे पुसट झाले होते.
नाव, पत्ता, वय लिहून
तो 'पूर्वानुभव' या शब्दावर अडला.
पुढे चार रिकाम्या ओळी.
"चारच?" तो म्हणाला,
आणि पान उलटून
मागची कोरी बाजू वापरली तर चालेल का, विचारू लागला.