चुणी

पन्नास वर्षं मी कागद काढला.
काढला म्हणजे पाण्यातून वर उचलला,
साचा पुढे, साचा मागे,
कागदी तुतीच्या सालीचा लगदा
हौदात दुधासारखा हलवत.
जानेवारीत बोटं मला सोडून जायची,
संध्याकाळी चहाच्या पेल्याभोवती परत यायची.

आणि दर ताव उजेडासमोर धरून
एकच गोष्ट शोधायची: चुणी.
केसाएवढी सापडली तरी ताव परत हौदात.
वडील म्हणायचे,
चुणी म्हणजे हातानं मारलेली थाप.

म्हणून बहात्तराव्या वर्षी,
एचिझेनच्या समाजमंदिरात, एका बुधवारी,
जिथे मी खरं तर हीटर दुरुस्त करायला आलो होतो,
इझादोरा, वय वर्षं आठ,
एक चौकोन माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "घाला घडी,"
तेव्हा माझा हात नुसताच राहिला कागदावर,
झोपलेल्या मांजरावर राहावा तसा.

तिची आई साओ पावलोची,
दुपारच्या पाळीला सुटे भाग जोडते.
तोवर पोर माझ्या हात्सुएच्या भरवशावर,
आणि आता मी पोरीच्या.

"कोपऱ्याला कोपरा."
लावतो. सुटतो.
"आधी बोट ठेवा, मग नखानं दाबा.
नखानं, आजोबा. कुरवाळू नका."

नखानं!
जी मी दर रविवारी मुळापर्यंत कापत आलो,
तावाला ओरखडा नको म्हणून.

कुत्र्याचं तोंड करायला गेलो, कोल्हा झाला.
ट्यूलिपचा झाला "बहुतेक मासा".
शंभरांचा गठ्ठा, यंत्राचा कागद,
एका बाजूला रंग, दुसऱ्या बाजूला लाज.

पुस्तकात तुटक रेघ म्हणजे दरी,
रेघ-ठिपका म्हणजे डोंगर.
तिला कांजी येत नाही, ती चित्रं वाचते.
मला कांजी येते, चित्रं येत नाहीत.
दोघांत मिळून एक पान कसंबसं उलटतं.
मी हातातला कागद पालथा करतो:
डोंगराची दरी.
एवढंच?
आमचं गाव दोन डोंगरांच्या मध्ये,
कुणी पालथं करून पाहिलंच नव्हतं.

चुकलेली घडी उलगडून
तळहातानं सपाट करत बसतो. खूण जात नाही.
"राहू दे," ती म्हणते,
"तिथे आता सोपं जाईल."

तिसऱ्या बुधवारी मी घरून एक ताव काढला.
माझ्या शेवटच्या हिवाळ्यातला,
गिंकोच्या फळीवर वाळलेला,
फळीच्या शिरा अजून पाठीवर.
"तो?" हात्सुए म्हणाली.
पुढे काही बोलली नाही. कात्री शोधून दिली.

कोपऱ्याला कोपरा. बोट.
नख, या वेळी वाढू दिलेलं.
बारीक आवाज आला,
वाळल्या शेंगेची कड उघडावी तसा.
वडील काही म्हणाले नाहीत.

त्रिकोण.
डावा कान पलीकडच्या कडेला,
उजवा त्याच्यावरून.
वरची दोन पानं, एक पुढे, एक मागे.
आता तोंड उघडा.

पेला.

वाकडा. एक कड उंच,
जणू तिला काही विचारायचंय.
इझादोरा मात्र काही न विचारता
तो नळाखाली धरते.

ज्याच्यातून मी त्याला उपसला
ते आता त्याच्या आत,
दोन घोटांएवढं, हलणारं,
वर छताचा दिवा तरंगतोय.
कागद ओला होतो, गडद होतो,
शिरा दिसू लागतात. फाटत नाही.

खालच्या कोपऱ्याशी एक थेंब जमतोय.
"लवकर प्या," ती म्हणते, "गळतोय."

मी पितो. दात कळ मारतात.
हीटर अजून दुरुस्त व्हायचाय.