पोटभाडेकरू

गोळीबार चौकातल्या त्या खोलीचा
मालक मी कधी पाहिला नाही.
भाडं हेडाऊकाकूंच्या हातात, दर पाच तारखेला.
पावती मागितली की म्हणायच्या,
"काऊन गा, भरवसा नाही का?"
होता. म्हणून तर कागद नाही.

काकू लेकीकडे वर्ध्याला गेल्या.
मालकाचा पुतण्या आला, कुलूप घेऊनच.
"आमच्या लेखी इथं कोणी राहतच नाही."

कोर्टासमोर टिनाखाली निखारे वकीलबाई म्हणाल्या, पुरावा?
मी दूधवाल्याची वही काढली, पोरीचा दाखला,
आणि खिडकीचा फोटो :
गज कापून बसवलेला कूलर,
खाली भिंतीवर अकरा उन्हाळ्यांच्या पाण्याचा
पांढरा खारट ओघळ.

त्या ओघळच पाहत राहिल्या.
"कोर्टाच्या हुकुमाशिवाय काढता येत नाही कोणाला.
शेवटी टिकालच, असं नाही म्हणत मी.
पण कुलूप लावू देऊ नका."

घरी पोरगी शब्द चाखत बसली : पोटभाडेकरू.
"म्हणजे भाडेकरूच्या पोटात राहतो का आपण?"
हो बापा.
नाळ कापायला हुकूम लागते म्हणे.

मग तिनं कूलरमध्ये तीन बादल्या ओतल्या,
मी आतून कडी लावली
आणि पाच तारखेचं भाडं पाकिटात घालून
वर नाव लिहायला बसलो.
कोणाचं, ते सुचेना.